शोधायला गेले खडा, सापडली गाठ

२८ मार्च १९६९ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचं वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात निधन झालं. शेवटची चौदा वर्षं त्यांचं हृदय डॉक्टरांच्या सतत नजरेखाली होतं. १९५५च्या सप्टेंबरात, पदावर असतानाच, डेन्व्हरमध्ये त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला. १९५७ मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. निवृत्तीनंतर हृदयाचे आणखी झटके येत राहिले. रक्तदाब कधी एकदम चढे, कधी उतरे. स्वभाव तापट होता, त्यामुळे या चढउताराचं खापर बहुधा रागावरच फुटत असे. मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं, तेव्हा डाव्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत दीड सेंटीमीटरची एक गाठ निघाली. ती फिओक्रोमोसायटोमा जातीची होती, म्हणजे ॲड्रिनॅलिनच्या कुळातली रसायनं रक्तात सोडणारी. ते जिवंत असताना तिचा कुणालाही पत्ता नव्हता.

२००७ मध्ये काही हृदयरोगतज्ज्ञांनी आयझेनहॉवर यांच्या वैद्यकीय नोंदी या गाठीच्या दृष्टीनं पुन्हा वाचल्या आणि त्यावर लेख लिहिला. त्यांच्या हृदयविकारात गाठीचा वाटा नेमका किती होता, हे आता सिद्ध होणार नाही. १९४९ मध्ये सोडेपर्यंत ते दिवसाला चार-चार पाकिटं सिगारेट ओढत, हेही विसरून चालत नाही. आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. २० जानेवारी १९६१ रोजी त्यांनी ज्यांच्या हाती कारभार सोपवला, त्या जॉन केनेडी यांना ॲडिसनचा विकार होता. त्यांच्या याच ग्रंथी जवळजवळ निकामी झाल्या होत्या आणि ते रोजच्या स्टिरॉइड गोळ्यांवर होते. मावळत्या अध्यक्षाच्या पोटात या ग्रंथीचा अतिरेक होता, तर उगवत्याच्या पोटात तिचा अभाव.

आयझेनहॉवर यांच्या काळात अशी गाठ बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच दिसायची. पुढे अडीच वर्षांतच चित्र पालटायला सुरुवात झाली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनवलेल्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्या दशकात हे तंत्र पोटापर्यंत पोचलं, १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं, आणि जगभरच्या क्ष-किरण विभागांतून एक नवाच प्रश्न डॉक्टरांपुढे येऊ लागला. मूतखड्यासाठी स्कॅन केला, खडा दिसला, पण वरच्या कोपऱ्यात ॲड्रिनलवर गाठही दिसली. तिचं काय करायचं? १९८२ मध्ये गीलहोएड आणि ड्रुई या दोन अमेरिकी डॉक्टरांनी शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात अशा गाठींवर लेख लिहिला आणि त्यांना ‘इन्सिडेंटलोमा’ म्हटलं. तेव्हापासून तेच नाव चालू आहे. ॲड्रिनलच्या आजाराची शंका नसताना, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत आढळलेली एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, अशी तिची आजची व्याख्या आहे.

महाराष्ट्रात २०२० आणि २०२१ या कोविडच्या दोन वर्षांत छातीचे जेवढे स्कॅन झाले असतील तेवढे त्याआधी क्वचितच झाले असतील. ‘एचआरसीटी स्कोअर किती?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता. छातीच्या स्कॅनचे सर्वांत खालचे काप पोटाच्या वरच्या भागातून जातात आणि ॲड्रिनल ग्रंथी तिथंच असतात. फुप्फुसांच्या स्कोअरची काळजी संपल्यावर रिपोर्टच्या तळाशी ‘डाव्या ॲड्रिनलमध्ये १.८ सेंटीमीटरची गाठ’ अशी एक ओळ राहून जाऊ शकते. एरवी आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधली सोनोग्राफी, अपघातानंतरचा पोटाचा स्कॅन, कंबरदुखीचा एमआरआय या वाटांनीही ती भेटते. सोनोग्राफीत मात्र लहान गाठी निसटतात, विशेषतः डाव्या बाजूच्या.

ती किती जणांत असते? चीनमधल्या चोंगछिंग इथं आरोग्य तपासणीसाठी आलेल्या २५ हजारांहून अधिक प्रौढांचे स्कॅन पाहिले गेले आणि २०२२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण १.४ टक्के लोकांत ॲड्रिनलची गाठ होती. पंचविशीच्या आतल्यांत हे प्रमाण ०.२ टक्के होतं, तर पासष्टीपुढच्यांत ३.२ टक्के. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णालयांतले आकडे याहून वरचे आहेत आणि सत्तरीपुढे ते आणखी चढतात. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. वय वाढलं की केस पिकतात, सांधे झिजतात, तशा काहींच्या ॲड्रिनलमध्ये गाठी होतात, आणि त्यांतल्या बहुतेक माणसाबरोबर शांतपणे म्हाताऱ्या होतात.

बहुतेक, पण सगळ्या नव्हे. या लेखाचा विषय नेमका त्या फरकाचा आहे. असा रिपोर्ट हाती आला की दोन प्रश्न विचारायचे असतात. ही गाठ कर्करोगाची आहे का? आणि ही गाठ हार्मोन बनवते आहे का? पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो, कारण त्याची भीती वाटते. दुसरा अनेकदा कुणी विचारतच नाही. रिपोर्ट फाइलमध्ये जातो, ‘काही त्रास नाही ना, मग राहू दे’ असं ठरतं, आणि रक्ताच्या ज्या दोन-तीन तपासण्या व्हायला हव्यात त्या राहून जातात. हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि यात नुकसान होतं, कारण मोजणीच्या दृष्टीनं पाहिलं तर कर्करोगापेक्षा हार्मोनचा धोका कितीतरी जास्त रुग्णांना असतो.

हे समजायला आधी ग्रंथी समजून घ्यायला हवी. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर प्रत्येकी चार-पाच ग्रॅमची ही ग्रंथी बसलेली असते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी सोळाव्या शतकातच तिचं वर्णन केलं होतं, पण ती करते काय, हे पुढची तीनशे वर्षं गूढच राहिलं. तिचे दोन भाग आहेत. बाहेरच्या सालीचे तीन थर आहेत. सर्वांत वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, जो शरीरात मीठ धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर टाकतो. मधला, सर्वांत जाड थर कॉर्टिसॉल बनवतो. साखर, चरबी, स्नायू, हाडं, प्रतिकारशक्ती, रक्तदाब, असं कॉर्टिसॉलचा हात न लागलेलं शरीरात फारसं काही नाही. तिसरा थर पुरुषी गुणांची सौम्य हार्मोन बनवतो, स्त्रियांतही. आणि या सालीच्या आतला गाभा ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन बनवतो. मूळ, रचना आणि काम पाहिलं तर साल आणि गाभा या दोन वेगळ्याच ग्रंथी एका कवचात नांदतात. म्हणूनच इथं गाठ झाली की ती कोणत्या थरातून आली यावर सगळं अवलंबून असतं.

आधी पहिला प्रश्न. सालीचे तिन्ही थर आपापली हार्मोन कोलेस्टेरॉलपासून बनवतात, म्हणून त्यांच्या पेशींत चरबीचे सूक्ष्म थेंब साठवलेले असतात. सालीतून आलेली साधी, निरुपद्रवी गाठ, म्हणजे ॲडिनोमा, बहुधा अशा चरबीनं भरलेली असते. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिकाणची घनता आकड्यात मोजता येते. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, चरबीला उणे शंभरच्या आसपास. या एककाला हाउन्सफिल्ड यांचंच नाव आहे. इंजेक्शनचा रंग न देता केलेल्या स्कॅनमध्ये गाठ एकसारखी दिसत असेल आणि तिचा आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती चरबीयुक्त ॲडिनोमा आहे असं मानलं जातं. २०२३ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीसाठी पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याची गरज नाही, आकार कितीही असला तरी. हा मोठाच दिलासा आहे. ‘दर सहा महिन्यांनी स्कॅन’ या चक्रात अडकलेल्या माणसांचा पैसा, किरणोत्सर्ग आणि झोप यामुळे वाचते.

आकडा १० च्या वर गेला म्हणजे कर्करोग झाला असं मात्र अजिबात नाही. सुमारे एक तृतीयांश ॲडिनोमांत चरबी कमी असते, त्यांचा आकडाही वर जातो. पण २० च्या वर आकडा, चार सेंटीमीटरहून मोठा आकार, ओबडधोबड कडा, आतून विस्कळीत रचना, यांतलं जेवढं जमून येईल तेवढी काळजी वाढते. इटलीत १९८० ते १९९५ या काळातल्या १००४ रुग्णांचा जो गाजलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चार सेंटीमीटरची रेषा लावली तेव्हा ॲड्रिनलच्या कर्करोगाच्या ९३ टक्के गाठी तिच्या वरच्या बाजूला पडल्या. अर्थात चार सेंटीमीटरच्या वरच्या बहुतेक गाठीसुद्धा कर्करोगाच्या नसतात. मायलोलिपोमा नावाची एक गाठ तर केवळ चरबी आणि रक्त बनवणाऱ्या पेशी यांचीच असते. ती कधी कधी खूप मोठी होते, पण स्कॅनमध्ये तिच्यातली चरबी इतकी स्पष्ट दिसते की ओळखायला अडचण येत नाही.

ॲड्रिनलचा मूळ कर्करोग अतिशय विरळ आहे. दरवर्षी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला तो होतो. दक्षिण ब्राझीलमध्ये मुलांत तो जगाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त दिसतो, कारण तिथल्या अनेक कुटुंबांत एका जनुकातला विशिष्ट दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एखाद्या स्त्रीच्या ओठांवर आणि हनुवटीवर काही महिन्यांत दाट केस आले, आवाज घोगरा झाला, पाळी थांबली आणि ॲड्रिनलवर गाठ दिसली, तर तिथं एक दिवसही दवडू नये. फुप्फुस, स्तन किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग झालेल्यांत तोच पसरून ॲड्रिनलमध्ये येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

अशा वेळी नातेवाइकांच्या तोंडी लगेच येणारा प्रश्न असतो, ‘सुईनं तुकडा काढून बघता येणार नाही का?’ स्तनाच्या किंवा थायरॉइडच्या गाठीत हे रोज केलं जातं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण ॲड्रिनलच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असं असतं. सुईच्या तुकड्यावरून साधा ॲडिनोमा आणि ॲड्रिनलचा कर्करोग यांतला फरक खात्रीनं सांगता येत नाही. आणि गाठ फिओक्रोमोसायटोमा निघाली, तर सुई टोचताच ती ॲड्रिनॅलिनचा लोंढा सोडू शकते, रक्तदाब उसळतो आणि जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या प्रश्नात सर्वांत आधी विचारावं लागतं ते याच फिओक्रोमोसायटोमाबद्दल. अपघाती सापडलेल्या गाठींत तिचं प्रमाण शंभरांत एक ते पाच इतकंच आहे, तरी ती चुकून चालत नाही. पुस्तकातलं चित्र असं असतं: अचानक डोकं ठणकतं, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, रक्तदाब चढतो, आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. पॅनिक अटॅक, पाळी जाण्याच्या वयातला त्रास, टेन्शन, अशी वेगवेगळी नावं लावून असा माणूस वर्षानुवर्षं फिरत राहतो. पण अपघातानं सापडलेल्या या जातीच्या अनेक गाठींत यातलं काहीच झालेलं नसतं. त्या दातांच्या, पित्ताशयाच्या, गुडघ्याच्या साध्या शस्त्रक्रियेत भूल देताना पहिल्यांदा प्रकट होऊ शकतात. म्हणूनच १० पेक्षा जास्त आकड्याच्या प्रत्येक गाठीत, रक्तदाब अगदी सामान्य असला तरी, रक्तातली किंवा चोवीस तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन तपासावी लागतात. ॲड्रिनॅलिनचं विघटन होऊन ती तयार होतात. रक्त घेण्याआधी रुग्णानं वीस-तीस मिनिटं आडवं पडून राहायचं असतं, कारण नुसतं उभं राहिल्यानंही आकडा वाढतो. गाठ १० च्या खालची असेल तर ही तपासणी लागत नाही. गाभ्याच्या पेशींत कोलेस्टेरॉलचा साठा नसतो, त्यामुळे फिओक्रोमोसायटोमाचा आकडा इतका खाली जवळजवळ कधीच येत नाही.

या गाठीचा इतिहास चटका लावणारा आहे. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथं फेलिक्स फ्रेंकेल यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत लिहून ठेवली. धडधड, डोकेदुखी, चक्कर असे झटके येत येत ती अचानक दगावली आणि शवविच्छेदनात तिच्या दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी निघाल्या. एवढ्या लहान वयात, दोन्ही बाजूंना. त्या काळी यापुढे काही कळण्याची सोय नव्हती. १२१ वर्षांनी, २००७ मध्ये, जर्मन संशोधकांनी तिच्या कुटुंबाच्या आजच्या पिढ्या शोधून काढल्या आणि त्यांच्यात ‘रेट’ नावाच्या जनुकातला दोष सापडला. हाच दोष थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोगही देतो. म्हणजे जी माणसं आज हयात आहेत, त्यांना त्या मुलीच्या मृत्यूचं कारण कळलं आणि स्वतःची वेळेवर तपासणी करून घेण्याची संधीही मिळाली. आज फिओक्रोमोसायटोमाच्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकामध्ये आनुवंशिक दोष मिळतो, आणि म्हणून प्रत्येक रुग्णाला जनुकीय तपासणी सुचवली जाते. भारतात ही तपासणी आता मोठ्या शहरांत होते. भाऊ-बहिणींना आणि मुलांना तिचा उपयोग होतो, हे घरच्यांना समजावून सांगण्यात डॉक्टरांनी वेळ घालवावा, तो कारणी लागतो.

१९२६ मध्ये लोझानला सेझार रू आणि अमेरिकेत रॉचेस्टरला चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी काढून रुग्ण वाचवले. त्यानंतरही कित्येक वर्षं ही शस्त्रक्रिया जीवघेणी मानली जात असे. फरक पडला तो आधीच्या तयारीनं. शस्त्रक्रियेपूर्वी आठवडा ते दोन आठवडे रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन किंवा त्या गटातलं औषध वाढत्या मात्रेत दिलं जातं, पाणी आणि मीठ भरपूर घ्यायला सांगतात. धडधड थांबवणारं बीटा ब्लॉकर औषध त्याच्या आधी दिलं तर उलटा, घातक परिणाम होऊ शकतो. हा क्रम एवढा महत्त्वाचा आहे. भारतातल्या मोठ्या केंद्रांच्या प्रसिद्ध नोंदींत ॲड्रिनलच्या गाठींत फिओक्रोमोसायटोमाचं प्रमाण पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा जास्त दिसतं. याचं एक कारण असं, की साध्या गाठी त्या केंद्रांपर्यंत येतच नाहीत. पण त्यामुळे मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयातल्या अंतःस्रावशास्त्र विभागाकडे या आजाराचा मोठा अनुभव जमा झाला आहे, आणि तो रुग्णांच्या कामी येतो आहे.

आता कॉर्टिसॉल. इथं जरा जास्त थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त रुग्ण इथंच आहेत आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही इथंच होतं.

कॉर्टिसॉल भरमसाट वाढलं की कुशिंगचा आजार होतो आणि तो बघणाऱ्याला दिसतो: गोल, लालसर चेहरा, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट मोठं पण हातपाय काटकुळे, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जराशा धक्क्यानं काळेनिळे डाग. मांड्यांचे स्नायू इतके कमकुवत होतात की उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही. अपघाती सापडलेल्या गाठींत हे पूर्ण चित्र क्वचितच असतं. तिथं असतो तो त्याचा सौम्य अवतार. गाठ थोडंसंच कॉर्टिसॉल सोडते, पण ते मेंदूचं न ऐकता, रात्रंदिवस. चेहऱ्यावर काही दिसत नाही. दिसतो तो तीन गोळ्या घेऊनही न आटोपणारा रक्तदाब, साठीआधी आलेला मधुमेह, किरकोळ पडण्यानं मोडलेला मणका. हे तिन्ही आजार इतके घरोघरचे आहेत की त्यांच्यामागे एखादी गाठ असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

तपासणी मात्र फार सोपी आहे. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यायच्या, आणि सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचं. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टिरॉइड. ते रक्तात दिसलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला कामाचा निरोप पाठवणं थांबवते आणि निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळपर्यंत तळाला जातं. ते १.८ मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं, तर कुणीतरी निरोप नसतानाही काम चालू ठेवलं आहे असा अर्थ होतो. गोळ्यांचा खर्च काही रुपये.

तरी या आकड्याकडे डोळे झाकून पाहू नये. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत तो उगाच वाढलेला दिसतो. क्षयावर रिफॅम्पिसिन चालू असेल किंवा फिट्‌सवर फेनिटॉइन, तर यकृत डेक्सामेथासोन झपाट्यानं संपवून टाकतं आणि गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होते. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत, गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोपडलेल्या मलमांत, दम्यावर स्वतःच चालू ठेवलेल्या गोळ्यांत स्टिरॉइड असतं आणि माणसाला ते ठाऊक नसतं. अशा माणसाचा चेहरा कुशिंगसारखा होतो, पण स्वतःच्या ग्रंथी मात्र झोपी गेलेल्या असतात. त्यामुळे ‘काही औषध घेता का?’ या प्रश्नात पुड्या आणि मलमं दोन्ही यायला हवीत.

या सौम्य वाढीनं खरंच काही बिघडतं का, यावर बराच काळ मतभेद होते. २०२२ मध्ये १६ देशांतल्या ३६५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेक्सामेथासोननंतरही ज्यांचं कॉर्टिसॉल वर राहिलं होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. पासष्टीच्या आतल्या स्त्रियांत तर हा धोका चौपटीहून अधिक होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरुपद्रवी ॲड्रिनल गाठी असलेल्या १३०५ जणांपैकी जेमतेम निम्म्यांच्याच गाठी खऱ्या अर्थानं मुक्या, म्हणजे जादा हार्मोन न सोडणाऱ्या, होत्या. ‘गाठ साधी आहे’ एवढं सांगून ज्यांना घरी पाठवलं जातं, त्यांच्यासाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. कर्करोग नाही, याचा अर्थ काम संपलं असा होत नाही.

अल्डोस्टेरॉनची गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या ॲन आर्बरला. जेरोम कॉन हे तिथले संशोधक. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांच्या घामात मीठ किती जातं आणि शरीर ते कसं वाचवायला शिकतं, यावर त्यांनी काम केलं होतं. १९५४ मध्ये त्यांच्यापुढे ३४ वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षं तिला स्नायूंत गोळे येत होते, मधूनच पायांतली शक्ती जात होती, रक्तदाब वाढलेला होता आणि पोटॅशियम खूप कमी होतं. सैनिकांच्या अभ्यासामुळे कॉन यांना चटकन सुचलं, की हिच्या शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन जरुरीपेक्षा जास्त बनत असणार. शस्त्रक्रियेत ॲड्रिनलची गाठ निघाली, ती काढली आणि सगळं ताळ्यावर आलं. कॉन यांचं नाव या आजाराला मिळालं ते असं.

म्हणून रक्तदाब असलेल्या किंवा पोटॅशियम कमी असलेल्या प्रत्येक गाठधारकाचं अल्डोस्टेरॉन आणि त्याचं उत्पादन चालवणारं रेनिन यांचं गुणोत्तर तपासायचं असतं. पोटॅशियम सामान्य आहे म्हणून ही तपासणी टाळणं चूक आहे, कारण निम्म्याहून अधिक रुग्णांत ते सामान्यच असतं. शिवाय दिसणारी गाठच हार्मोन बनवते आहे असंही गृहीत धरता येत नाही. कधी गाठ डावीकडे असते आणि जास्तीचं अल्डोस्टेरॉन दोन्हीकडून येत असतं. ते ठरवायला दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून थेट रक्त काढावं लागतं. उजवी शीर आखूड असते आणि सरळ मोठ्या शिरेत उघडते, त्यामुळे हे कौशल्य मोजक्याच केंद्रांत आहे.

गाठी दोन्ही बाजूंना असतील तर आपल्याकडे विचाराची दिशाच बदलते. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी ॲड्रिनल निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयानं पोखरल्या होत्या. श्रीमंत देशांतून ते कारण जवळपास गेलं, भारतातून गेलेलं नाही. मातीतून येणाऱ्या हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचा संसर्गही दोन्ही ॲड्रिनल फुगवतो आणि भारतात तो वारंवार नोंदला गेला आहे. थकवा, वजनात घट, उभं राहिल्यावर चक्कर, मिठाची ओढ, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडणं, आणि जोडीला दोन्ही ॲड्रिनल मोठ्या, असं दिसलं तर इथं हार्मोन वाढलं का हे पाहण्याऐवजी ते संपलं आहे का हे आधी पाहायचं. सुईनं तुकडा काढण्याला ज्या थोड्या ठिकाणी जागा आहे, त्यांतलं हे एक ठिकाण आहे, अर्थात फिओक्रोमोसायटोमा नाही याची खात्री केल्यावरच.

ज्यांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशी आली, त्यांना निर्धास्त राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. २०१९ मध्ये ३२ अभ्यासांतल्या ४१२१ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सुमारे साडेचार वर्षांत या गाठी सरासरी दोन मिलिमीटर वाढल्या, एकाही साध्या गाठीचं पुढे कर्करोगात रूपांतर झालेलं आढळलं नाही, आणि ४.३ टक्के मुक्या गाठी पुढे सौम्य प्रमाणात कॉर्टिसॉल सोडू लागल्या.

काढायचीच ठरली, तर बहुतेक गाठी आता दुर्बिणीतून काढल्या जातात. मिशेल गान्ये यांनी मॉन्ट्रियलमधून १९९२ मध्ये या पद्धतीची पहिली हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण काही दिवसांत घरी जातो. पण कॉर्टिसॉल सोडणारी गाठ काढल्यावर एक धोका उरतो. इतकी वर्षं आयतं कॉर्टिसॉल मिळाल्यामुळे दुसऱ्या बाजूची ग्रंथी आळसावलेली असते. तिला जाग यायला महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. तोपर्यंत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि ताप, उलट्या, अपघात अशा वेळी त्यांची मात्रा वाढवावी लागते. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी आणि तशी चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात हवी.

सौम्य कॉर्टिसॉलवाल्या सगळ्यांची शस्त्रक्रिया करावी का? इथं एकच उत्तर नाही. फ्रान्समधून चालवलेल्या चाचणीसह अलीकडच्या काही चाचण्यांत, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले तेव्हा, गाठ काढलेल्यांचा रक्तदाब औषधांवर राहिलेल्यांपेक्षा चांगला सुधारला. त्यामुळे पन्नाशीतली, तीन गोळ्यांवर असलेली, हाडं ठिसूळ होऊ लागलेली स्त्री आणि ऐंशी वर्षांचा, एका गोळीवर ठणठणीत असलेला माणूस यांच्यासाठी सल्ला वेगळा असतो, गाठ दोघांची सारखीच असली तरी. पहिलीला शस्त्रक्रिया सुचवली जाते. दुसऱ्याचा रक्तदाब, साखर आणि हाडांची घनता वर्षातून एकदा तपासली जाते.